धम्मध्वजामागचा वार्ताहर : कर्नल हेन्री स्टील ऑल्कॉट

वैशाख पौर्णिमा, १४ एप्रिल आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन या तिन्ही दिवशी आपल्या विद्यालयाच्या प्रांगणात धम्मध्वज फडकतो. निळा, पिवळा, तांबडा, पांढरा आणि केशरी असे पाच उभे पट्टे, आणि सहाव्या पट्ट्यात तेच पाचही रंग एकत्र. या रंगांचा अर्थ आपल्या वसतिगृहातील सहावीचा विद्यार्थीही न अडखळता सांगतो. मात्र हा ध्वज केव्हा, कोठे आणि कोणत्या लढ्यातून जन्माला आला, असे विचारले तर मोठी माणसेही थबकतात. कोणी म्हणते, तो सम्राट अशोकाच्या काळापासून चालत आला आहे. कोणी म्हणते, तो एका अमेरिकन साहेबाने तयार केला. पहिले उत्तर चुकीचे आहे आणि दुसरे अर्धवट आहे. तो अमेरिकन साहेब कोण होता, तो आपल्या मुंबईत कसा आला आणि त्याचे ऋण आपण किती व कसे मानावे, याचा विचार या स्मरणिकेच्या निमित्ताने करावा असे मला वाटले. या विषयाचा आपल्या संस्थेशी काय संबंध, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. तो संबंध लेखाच्या ओघात उलगडेल.

हेन्री स्टील ऑल्कॉट यांचा जन्म २ ऑगस्ट १८३२ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या ऑरेंज या गावी झाला. महात्मा जोतीराव फुले यांच्यापेक्षा ते पाच वर्षांनी लहान. घर धर्मनिष्ठ ख्रिस्ती. वडिलांचा व्यवसाय बुडाल्यामुळे महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडून या तरुणाला ओहायोत शेतीवर जावे लागले. तेथे त्यांनी शेतीचा शास्त्रीय अभ्यास केला. १८५७ साली त्यांचे पहिले महत्त्वाचे पुस्तक प्रसिद्ध झाले, ते चीन व आफ्रिकेतून आलेल्या गोड धाटांच्या पिकावर, म्हणजे आपल्या ज्वारीच्याच कुळातील वनस्पतींवर. या पुस्तकाने त्यांचे नाव झाले आणि ते 'न्यूयॉर्क ट्रिब्यून' या दैनिकाचे कृषिविषयक संपादक झाले.

'ट्रिब्यून' हे साधेसुधे वृत्तपत्र नव्हते. होरेस ग्रीली यांनी चालविलेले हे पत्र गुलामगिरीच्या विरोधात उघडपणे उभे होते. कार्ल मार्क्स यांनीही याच पत्रासाठी लंडनहून दहा वर्षे लेखन केले. गुलामगिरीचे समर्थन करणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांत 'ट्रिब्यून'चा माणूस म्हणून ओळखले जाणे धोक्याचे होते. १८५९ च्या ऑक्टोबरमध्ये जॉन ब्राउन या गोऱ्या माणसाने गुलामांच्या मुक्तीसाठी हार्पर्स फेरी येथील शस्त्रागारावर हल्ला केला. तो पकडला गेला आणि २ डिसेंबर १८५९ रोजी व्हर्जिनियात त्याला फाशी देण्यात आली. त्या फाशीचा वृत्तान्त मिळविण्यासाठी 'ट्रिब्यून'ला माणूस हवा होता. सत्तावीस वर्षांचे ऑल्कॉट पुढे आले. आपली ओळख लपवून ते स्थानिक स्वयंसेवक पलटणीत सामील झाले आणि शत्रूच्या गोटात उभे राहून त्यांनी ती फाशी पाहिली. पुढे १८७५ साली त्यांनी या प्रसंगाची सविस्तर हकिकत लिहून प्रसिद्ध केली.

येथे आपल्या मनात एक तारीख आपोआप उभी राहते. १८७३ साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो अमेरिकेतील निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या सत्पुरुषांना अर्पण केला. जोतीरावांनी ज्या लढ्याला पुण्यात बसून वंदन केले, त्या लढ्याच्या एका निर्णायक प्रसंगाचा हा वार्ताहर साक्षीदार होता. त्या अर्पणपत्रिकेतील मंडळींत ऑल्कॉट यांची गणना करता येणार नाही, कारण ते जॉन ब्राउनसारखे लढवय्ये नव्हते. मात्र ज्या मातीत ते घडले, ती माती त्या लढ्याने भिजलेली होती, एवढे निश्चित.

अमेरिकेतील यादवी युद्धात त्यांनी उत्तरेच्या बाजूने काम केले. सैन्याला होणाऱ्या पुरवठ्यात आणि भरतीत जे प्रचंड घोटाळे चालले होते, त्यांच्या चौकशीची जबाबदारी त्यांच्यावर सोपविण्यात आली. कर्नल ही पदवी त्यांना याच काळात मिळाली. लाच आणि धमक्या या दोन्हींना न जुमानता त्यांनी अपराध्यांना तुरुंगात धाडले. १८६५ साली अब्राहम लिंकन यांची हत्या झाली, तेव्हा त्या कटाच्या तपासासाठी नेमलेल्या तीन सदस्यांत त्यांचा समावेश होता. युद्धानंतर ते न्यूयॉर्कमध्ये वकिली करू लागले. कागद तपासणे, साक्ष पारखणे, हिशेब मांडणे आणि मिळालेले सत्य लोकांना कळेल अशा भाषेत लिहिणे, ही चार कौशल्ये त्यांच्या हाती आली ती वृत्तपत्र, चौकशी आणि न्यायालय या तीन ठिकाणी. त्यांच्या पुढच्या कार्याचे बळ याच कौशल्यांत होते असे माझे मत आहे.

याच माणसाला १८७४ साली व्हरमाँट राज्यातील एका शेतघरात मृतात्मे प्रकट होतात अशी बातमी लागली. न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांसाठी ते तेथे गेले, आठवडेच्या आठवडे राहिले आणि लेखमाला लिहिली. खेदाची गोष्ट अशी की, सैन्यातील ठेकेदारांची लबाडी ओळखणारा हा चौकस माणूस तेथील चमत्कारांवर विश्वास ठेवून बसला. तेथेच त्यांची मादाम ब्लाव्हाट्स्की या रशियन विदुषीशी गाठ पडली. १७ नोव्हेंबर १८७५ रोजी न्यूयॉर्कमध्ये थिऑसॉफिकल सोसायटीची स्थापना झाली आणि ऑल्कॉट तिचे अध्यक्ष झाले. धर्माचे मूळ पूर्वेकडे शोधावे या ओढीने दोघांनी अमेरिका सोडली आणि १६ फेब्रुवारी १८७९ रोजी ते मुंबईला पोहोचले. अपोलो बंदरावर उतरताच ऑल्कॉट यांनी वाकून तेथील दगडी पायरीचे चुंबन घेतले. या भावनाविवश पाहुण्याला ज्या यजमानाने मोठ्या थाटाने उतरवून घेतले, त्यानेच थोड्या दिवसांत स्वागताच्या खर्चाचे बिल हाती ठेवले, अशी आठवण त्यांनी स्वतः नोंदविली आहे.

जवळजवळ चार वर्षे, म्हणजे १८८२ च्या डिसेंबरमध्ये मद्रासजवळच्या अड्यार येथे मुख्यालय हलेपर्यंत, ऑल्कॉट यांचे बिऱ्हाड मुंबईत होते. आधी गिरगावात, नंतर ब्रीच कँडीला. इंग्रज सरकारला हे दोघे रशियाचे हेर वाटत, म्हणून पोलीस त्यांच्या मागावर असत. एप्रिल १८७९ मध्ये त्यांनी कार्ल्याची लेणी पाहिली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मुंबईहून 'द थिऑसॉफिस्ट' हे मासिक सुरू झाले.

याच मुंबईत, याच सुमारास आणखी एक पत्र मूळ धरत होते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेले 'दीनबंधु' १८८० मध्ये मुंबईत आले आणि आपल्या ठाण्यात जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे त्याचे संपादक झाले. गिरणी कामगारांची सभा, संघटना, अर्ज-निवेदने या मार्गांनी लढून त्यांनी १८९० साली कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळवून दिली. आज वसई-विरारहून पहाटेच्या गाडीने मुंबईला जाणारा माणूस रविवारी घरी थांबतो, त्यामागे एका सत्यशोधक संपादकाची लेखणी आहे. गोपाळबाबा वलंगकर यांचे लेखनही 'दीनबंधु'तून प्रसिद्ध होत असे. एकाच शहरात निघणारी ही दोन पत्रे परस्परांपासून किती दूर होती, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने ध्यानी घ्यावे. ऑल्कॉट यांच्या भोवती जमले होते ते प्रामुख्याने इंग्रजी शिकलेले उच्चवर्णीय हिंदू आणि सधन पारशी. त्यांना आपल्या प्राचीन वैभवाची ग्वाही एका गोऱ्या माणसाच्या तोंडून ऐकायची होती. परळ-लालबागच्या चाळीतला माणूस त्या सभागृहांत नव्हता.

ऑल्कॉट यांच्या आयुष्याला खरे वळण मिळाले ते श्रीलंकेत. १८७३ साली पानदुरा येथे भिक्खू गुणानंद यांनी ख्रिस्ती धर्मोपदेशकांशी जाहीर वादविवाद केला होता. त्याचा वृत्तान्त अमेरिकेत छापून आला, तो वाचून ऑल्कॉट यांचा तेथील भिक्खूंशी पत्रव्यवहार सुरू झाला. १८८० च्या मे महिन्यात ते मुंबईहून श्रीलंकेला गेले आणि २५ मे रोजी गाले येथील विहारात त्यांनी व मादाम ब्लाव्हाट्स्की यांनी गुडघे टेकून त्रिशरण-पंचशील ग्रहण केले.

त्या देशात बहुसंख्य लोक बौद्ध होते, पण शासनाची मदत मिळणाऱ्या शाळा जवळजवळ सर्व मिशनऱ्यांच्या हाती होत्या. बौद्ध आईबापांच्या मुलाला शिकायचे असेल तर आपल्या धम्माविषयी लाज बाळगूनच शिकावे लागे. ऑल्कॉट यांनी यावर व्याख्यानांपेक्षा अधिक टिकाऊ उपाय योजला. खेड्यापाड्यांतून फिरण्यासाठी त्यांनी स्वतः आखणी करून एक बैलगाडी बनवून घेतली. तिच्यात झोपण्याची, जेवणाची, पुस्तके ठेवण्याची सोय होती. त्या गाडीतून हिंडत त्यांनी शिक्षणनिधी उभा केला. गावातला माणूस जमेल तेवढा पैसा देई आणि त्याची नोंद होई. निधीवर स्थानिक विश्वस्त नेमले गेले. यातून पुढे कोलंबोचे आनंद महाविद्यालय १८८६ साली, कँडीचे धर्मराज महाविद्यालय १८८७ साली आणि गालेचे महिंद महाविद्यालय १८९२ साली उभे राहिले. या तिन्ही संस्था आजही चालू आहेत.

मुलांना शिकवायचे काय, हा पुढचा प्रश्न होता. ऑल्कॉट यांनी प्रश्नोत्तरांच्या रूपात बौद्ध धम्माची एक छोटी पुस्तिका लिहिली. हिक्कडुवे सुमंगल या विद्वान महाथेरांनी ती तपासून संमती दिल्यावर जुलै १८८१ मध्ये ती सिंहली व इंग्रजी भाषेत प्रसिद्ध झाली आणि पुढे अनेक भाषांत पोहोचली. पुस्तिकेची घडण पाहिली की वार्ताहराचा हात ओळखू येतो. प्रश्न सरळ, उत्तर थोडके, आणि शब्द शाळकरी मुलाला कळतील असे.

आता ध्वजाकडे वळू. १८८३ साली कोलंबोतील कोटाहेना येथे बौद्धांच्या मिरवणुकीवर हल्ला झाला आणि अपराध्यांना शिक्षा झाली नाही. बौद्धांनी ऑल्कॉट यांना आपले प्रतिनिधी नेमले. १८८४ मध्ये ते लंडनला गेले आणि वसाहतींच्या कार्यालयापुढे त्यांनी बौद्धांच्या मागण्या मांडल्या. त्या प्रयत्नांतून वैशाख पौर्णिमेची सार्वजनिक सुट्टी मिळाली आणि तिच्या पहिल्याच वर्षी, २८ एप्रिल १८८५ रोजी, श्रीलंकेत हा ध्वज प्रथम फडकला. ध्वजाची कल्पना आणि रंगयोजना कोलंबोतील बौद्ध समितीची होती. त्यांनी तो लांबट, पताकेसारखा केला होता. मिरवणुकीत नेता यावा, घरावर लावता यावा म्हणून तो इतर राष्ट्रध्वजांच्या आकाराचा असावा, ही सूचना ऑल्कॉट यांची. त्यांनी आपल्या आठवणींत मूळ कल्पनेचे श्रेय कोलंबोच्या सहकाऱ्यांनाच दिले आहे. आपल्याकडे ८ जानेवारीला धम्मध्वज दिन साजरा होतो. तो अवश्य व्हावा, पण मुलांना २८ एप्रिल १८८५ ही तारीखही सांगावी. न्याय नाकारला गेला तेव्हा संघटित झालेल्या लोकांनी हा ध्वज उभारला, हे त्या तारखेमुळे कळते. १९५० साली श्रीलंकेत जागतिक बौद्ध परिषद भरली आणि हा ध्वज साऱ्या बौद्ध जगाचा झाला. त्या परिषदेला परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः उपस्थित होते.

आपल्या परिसराचा विचार केला तर १८८२ हे वर्ष फार महत्त्वाचे आहे. ऑल्कॉट श्रीलंकेत शिक्षणनिधीसाठी झटत होते, त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्यात 'बुरुड राजाचा कोट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचे उत्खनन केले. तो कोट नव्हताच, तो स्तूप होता. आत दगडी पेटी सापडली, तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात एकात एक असे चांदीचे, दगडाचे, स्फटिकाचे आणि सोन्याचे करंडक, सोन्याची फुले, भिक्षापात्राचे मानलेले मातीचे तुकडे आणि भोवती ब्राँझच्या आठ बुद्धमूर्ती. त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्या शिलालेखाचा तुकडा भुईगाव येथे मिळाला तो १९५६ साली, म्हणजे बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली त्याच वर्षी. सूनापरान्ताचा भिक्खू पूर्ण याच भूमीचा. लोक मारतील, जीवही घेतील, हे ठाऊक असून तथागतांची अनुज्ञा घेऊन तो येथे धम्म सांगण्यास परतला, असे पाली साहित्य सांगते. आचोळ्याहून रेल्वेचे रूळ ओलांडून पश्चिमेला गेले की हा सारा इतिहास पायाशी आहे. श्रीलंकेत जो धम्म ऑल्कॉट यांना जिवंत भेटला, तोच आपल्या अंगणात मातीखाली निजलेला होता आणि त्याला जागे करणारा समाज अजून जागा व्हायचा होता.

तो समाज दक्षिणेत आधी जागा झाला. भारतात आल्यानंतर पंधरा वर्षांनी, १८९४ साली, ऑल्कॉट यांनी अड्यारजवळ अस्पृश्य मुलांसाठी मोफत शाळा काढली. मद्रासकडे या समाजाला तेव्हा परिया किंवा पंचम म्हणत. पुढे अशा आणखी शाळा निघाल्या. १८९८ साली पंडित अयोथी दास आणि त्यांचे सहकारी ऑल्कॉट यांना भेटले. आमचे पूर्वज बौद्ध होते, ब्राह्मणी व्यवस्थेने आम्हाला अस्पृश्य ठरविले, आम्हाला आमचा धम्म परत हवा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ऑल्कॉट त्यांना घेऊन श्रीलंकेला गेले आणि सुमंगल महाथेरांच्या हस्ते त्यांनी दीक्षा घेतली. परत येऊन अयोथी दासांनी मद्रासला शाक्य बौद्ध संघ स्थापन केला. त्याच्या शाखा कोलारच्या सोन्याच्या खाणींतील कामगारांपर्यंत पोहोचल्या. १९०७ साली अयोथी दासांनी स्वतःचे तमिळ साप्ताहिक काढले. नागपूरच्या दीक्षाभूमीच्या अठ्ठावन्न वर्षे आधी आपल्या एका बांधवाने हा मार्ग चोखाळला होता, हे महाराष्ट्रातील बौद्धांनी अभिमानाने जाणून घेतले पाहिजे.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग ऑल्कॉट यांना आपण थोर मुक्तिदाता का म्हणू नये? आंबेडकरी विद्यार्थ्याने कोणाचेही मूल्यमापन पारखूनच करावे. जॉन ब्राउनची फाशी पाहिलेल्या माणसाला भारतातील गुलामगिरीवर शाळेचा उपाय काढायला पंधरा वर्षे लागली. त्या शाळांतील शिक्षणही प्राथमिक आणि व्यवहारोपयोगी होते. मुलांनी लिहावे, हिशेब करावा, चांगली नोकरी करावी, इतपत त्याची झेप होती. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा आपल्या मुलांनी राज्यकर्ती जमात व्हावे हे स्वप्न त्यामागे होते. दया आणि हक्क यांतले अंतर ते हेच. ऑल्कॉट यांना सर्व धर्मांच्या मुळाशी एकच गूढ ज्ञान दिसे, म्हणून हिंदू परंपरेच्या गौरवाचे कामही ते तितक्याच उत्साहाने करीत. श्रीलंकेत त्यांनी हाताच्या स्पर्शाने रोग बरे करण्याचे प्रयोग केले. ज्या अनागारिक धर्मपालांना त्यांनी तरुणपणी कार्यात आणले, त्यांच्याशीही पुढे याच भूमिकेवरून त्यांचे फाटले. चमत्कार आणि आत्मा नाकारणाऱ्या, बुद्धीच्या कसोटीवर धम्म मांडणाऱ्या बाबासाहेबांच्या वाटेवर ऑल्कॉट यांच्या विचारांतील मोठा भाग बसत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपण तो बाजूला ठेवला पाहिजे.

तरीही जे उरते ते लहान नाही. ज्या सुमंगल महाथेरांनी ऑल्कॉट यांची पुस्तिका तपासली, त्यांच्याच विद्योदय विहारात गोव्याचे धर्मानंद कोसंबी १९०२ साली पाली शिकायला पोहोचले आणि त्यांच्या ग्रंथांतून बुद्ध मराठीत आला. दक्षिणेतील चळवळीचे प्राध्यापक लक्ष्मी नरसू यांनी १९०७ साली बौद्ध धम्मावर इंग्रजीत जो ग्रंथ लिहिला, त्याच्या १९४८ च्या आवृत्तीला बाबासाहेबांनी प्रस्तावना लिहिली. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींचे मराठी बुद्धचरित्र १८९८ चे, आणि मॅट्रिक झालेल्या भीमरावांच्या हाती गुरुजींनी ते दिले. १७ फेब्रुवारी १९०७ रोजी अड्यारला ऑल्कॉट यांचे निधन झाले. भीमराव मॅट्रिक झाले तेही त्याच वर्षी. एक प्रवाह दुसऱ्यातून निघाला असे मी म्हणत नाही. अनेक झरे वेगवेगळ्या दिशांनी वाहत होते आणि बाबासाहेबांच्या प्रज्ञेत त्यांना महासागर मिळाला, एवढेच म्हणतो.

बाबासाहेबही पत्रकार होते. 'मूकनायक' १९२० साली, 'बहिष्कृत भारत' १९२७ साली, 'जनता' १९३० साली आणि 'प्रबुद्ध भारत' १९५६ साली. चळवळ उभी राहायची तर सभा, शाळा आणि छापील कागद या तिन्हींची गरज असते, हे लोखंडे, अयोथी दास आणि बाबासाहेब या तिघांनीही ओळखले होते. ऑल्कॉट यांच्याकडून घ्यायचे ते हेच. निधीचा पैसा कोणाचा, विश्वस्त कोण आणि मूल काय वाचणार, या तीन प्रश्नांची उत्तरे त्यांनी आधी लिहून काढली, म्हणून त्या शाळा त्यांच्या पश्चात टिकल्या. आज कोलंबोच्या फोर्ट रेल्वे स्थानकासमोर त्यांचा पुतळा उभा आहे. पण त्यांचे खरे स्मारक म्हणजे त्या शाळांची रोजची घंटा.

आता मी आपल्या संस्थेकडे येतो. माझे वडील रेल्वेत गँगमन होते. सातवीपर्यंत शिकलेले ते आमच्या घरातले पहिले. मला इतिहासात एम. ए. करता आले ते अशाच एका वसतिगृहाच्या दोन वेळच्या जेवणावर. म्हणून अलीकडे माझ्या कानी येणाऱ्या एका विचाराने मी अस्वस्थ होतो. काही हितचिंतक, आपले माजी विद्यार्थीही, प्रामाणिकपणे विचारतात की, आता वसतिगृहाची गरज काय? आचोळ्यात जमिनीला सोन्याचा भाव आला आहे. ज्यांना शक्य आहे ते आपली मुले इंग्रजी माध्यमात घालतात. मग वसतिगृह बंद करून त्या जागी मोठी, फी घेणारी शाळा का काढू नये? यात वाईट हेतू नाही, हे मी जाणतो. आपली मुले चांगल्या स्थितीत आहेत ही बाबासाहेबांचीच पुण्याई आहे.

परंतु शाळेच्या पहिल्या दिवशी दारात उभे राहणारे पालक मी दरवर्षी पाहतो. वीटभट्टीवर सहा महिने घर सोडून जाणारी आई, इमारतीच्या कामावर जागा बदलत हिंडणारा बाप, आजीकडे ठेवलेली मुलगी. यांच्या मुलाला शिकायचे तर आधी त्याला एका जागी राहायला हवे. दिवसाची शाळा त्याला पुस्तक देईल, पण रात्रीचा दिवा देऊ शकणार नाही. ज्या घरात पहिली पिढी शिकते आहे, तेथे वसतिगृह ही चैन नसते. आपण त्या पायरीवरून वर आलो म्हणून पायरी काढून टाकावी, हे चळवळीचे गणित नव्हे. श्रीलंकेतील खेडुतांनी बैलगाडीच्या फेऱ्यांत जो पैसा दिला, तो ज्यांच्या मुलांना आपण कधी पाहणारही नाही अशांसाठी दिला होता. आपल्यालाही कोणी तरी असेच दिले होते.

म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांकडे मी तीन गोष्टी मागतो. पहिली, प्रत्येक माजी विद्यार्थ्याने एका मुलाच्या वर्षभराच्या भोजनखर्चाचा वाटा उचलावा. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती दरवर्षी यावी आणि संस्थेने तिचा हिशेब सूचनाफलकावर लावावा. दुसरी, एखाद्या रविवारी आपल्या मुलाबाळांना घेऊन सोपाऱ्याच्या स्तूपावर जावे आणि लोखंड्यांच्या या सुट्टीचे सार्थक करावे. मुलांना पूर्णाची गोष्ट तेथेच सांगावी. तिसरी गोष्ट मी इतिहासाचा शिक्षक म्हणून मागतो. आपल्या वसतिगृहाचा इतिहास अजून कोणी लिहिलेला नाही. पहिली खोली कोणी बांधली, पहिल्या वर्षी किती मुले होती, तांदूळ कोठून येई, कोणत्या मावशी स्वयंपाक करीत, हे ज्यांना आठवते ती माणसे आता सत्तरीत आहेत. प्रत्येकाने दोन पाने लिहून संस्थेच्या कार्यालयात द्यावीत. तारीख आठवत नसेल तर त्या वर्षी पाऊस कसा होता एवढे लिहावे. तारीख आम्ही शोधू.

आपला इतिहास दुसऱ्याने लिहिला की आपण त्यात कोठे तरी तळटीप होऊन राहतो. तो आपण लिहिला तर आपली मुले त्यात स्वतःचे नाव वाचतात. त्या दोन पानांची मी वाट पाहतो आहे.

नमो बुद्धाय. जय भीम.